दुर्बीण आली, रिंगा आल्या, रानडुक्कर मात्र अंधारातच



यंदा ज्वारी हुरड्यात यायच्या आधी आमचा एक तरुण कार्यकर्ता तालुक्याच्या बैठकीला आला तो काखेत पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच. खोक्यात बंदुकीवर बसवायची दुर्बीण, ती धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा, एक बारकी एलन-की आणि काच पुसायचं फडकं. मोबाईलवर चित्र पाहून मागवलेलं, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. बंदूक त्याच्या घरी आधीपासून होती. छर्ऱ्याची, दुकानात ओळखपत्र दाखवून घेतलेली. म्हणाला, "भाऊ, आता जागल बंद. नऊ पट मोठं दिसते म्हणे. डुक्कर जाईल कुठं?"

यात हसण्यासारखं काही नाही. ज्याची कणसात आलेली ज्वारी एका रात्रीत लोळवली जाते, ज्याच्या कपाशीचे शेंडे रोही खुडून नेतात, त्यानं बुजगावणं लावून पाहिलेलं असतं, जुन्या साड्यांचं कुंपण करून पाहिलेलं असतं, सुतळी बॉम्ब फोडून पाहिलेले असतात. जनावर चार दिवस बिचकतं आणि पाचव्या दिवशी त्याच वाटेनं येतं. अशा माणसाला कोणी अडीच हजारांत रात्रीची झोप विकायला आलं तर तो घेणारच. तेव्हा आम्ही ठरवलं की वस्तू बसवून पाहू. जाहिरातीवर विश्वास ठेवून काय होतं हे बियाण्याच्या पिशवीनं आपल्याला पुरेसं शिकवलं आहे.

आधी चांगलं सांगतो. काच आम्हाला वाटली होती त्यापेक्षा बरी निघाली. दुर्बीण नुसती हातात धरून दिवसा पाहिलं तर दोनशे पावलांवरच्या बाभळीची फांदी न् फांदी वेगळी दिसते. कडेला चित्र जरा पुसट होतं, उन्हात जांभळी किनार येते, पण मधला भाग स्वच्छ आहे. नळकांड्यावर ३-९×४० असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ तीन ते नऊ पट मोठं दिसणार आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. इथं एक हिशेब ध्यानात ठेवा. ४० ला जितक्या पटीनं भागाल तितक्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. तीन पटीवर तेरा, नऊ पटीवर जेमतेम साडेचार. म्हणून दिवेलागणीला नऊ पटीवर पाहिलं की चित्र काळवंडतं आणि तीन-चारवर आणलं की उघडतं. विकणारा 'नऊ पट' मोठ्या अक्षरात छापतो. शेतकऱ्याला सांजेला उपयोगी पडते ती तीन पट.

रिंगांबद्दल मात्र आमचं मत वाईट झालं. बंदुकीच्या पाठीवर रिंगा बसवायची खाच असते. छर्ऱ्याच्या बंदुकीला बहुधा ११ मिलिमीटरची अरुंद खाच असते, मोठ्या रायफलींना साधारण २० मिलिमीटरची रुंद पट्टी. खोक्यात आलेल्या रिंगा रुंद पट्टीच्या होत्या. त्या अरुंद खाचेवर नुसत्या डुगडुगत राहिल्या. परत पाठवल्या, दुसऱ्या यायला दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत पोरानं तीन रात्री शेतात काढल्या. मागवायच्या आधी फूटपट्टी घेऊन खाच मोजली असती तर हे टळलं असतं. चित्राखाली ते लिहिलेलं नव्हतं हा त्याचा दोष नव्हे. तसंच दुर्बिणीचं नळकांडं एक इंचाचं की ३० मिलिमीटरचं हेही पाहायला हवं. एकाची रिंग दुसऱ्याला चालत नाही.

दुसऱ्या रिंगा बसल्या. आता स्क्रू. वरच्या कमानीचे चार स्क्रू एका बाजूचे आधी घट्ट आणि दुसऱ्या बाजूचे मागून असे आवळले की नळकांडं पिरगळतं आणि आतली फुली तिरकी होते. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आपण समोरासमोरचे थोडे थोडे आवळतो, तसंच इथं. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. आणि स्क्रू कच्च्या लोखंडाचे. आमच्यातल्या एकानं इंजिनाचा बोल्ट समजून जोर लावला आणि एका स्क्रूचं तोंड गोल करून ठेवलं. तो कोण हे इथं छापत नाही.

मग परसात मातीनं भरलेली तीन पोती रचली, त्यावर कागद लावला आणि पंचवीस पावलांवरून छर्रे टाकले. पहिले दहा छर्रे एका रुपयाच्या नाण्याभोवती पडले. सगळे खूष. वीस झाल्यावर छर्रे वर सरकायला लागले, तीस झाल्यावर कागदाच्या बाहेर. पोरगा म्हणाला, दुर्बीण बिघडली. दुर्बीण बिघडली नव्हती. मागची रिंग खाचेत दोन मिलिमीटर मागं सरकली होती, खाचेवर चकचकीत ओरखडा दिसत होता.

याचं कारण समजून घ्या, कारण छर्ऱ्याच्या बंदुकीवर स्वस्त दुर्बीण बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते भोवतं. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेनं येतो, मागं. स्प्रिंगच्या बंदुकीत आधी आतला दट्ट्या पुढं धावतो म्हणून बंदूक मागं येते, आणि दट्ट्या पुढं जाऊन आदळला की बंदूक पुढं झटका खाते. बंदूक पुढं जाते, दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे रिंग मागं घसरते. हा दुहेरी झटका सोसण्यासाठी रिंगेखाली अडसराची खुंटी लागते, ती बंदुकीच्या पाठीवरच्या छिद्रात बसते. आमच्या रिंगांना ती नव्हती. मागच्या रिंगेच्या मागं एक वेगळा अडसर आवळून बसवला तेव्हा काम भागलं. या दुहेरी झटक्यानं स्वस्त दुर्बिणीची आतली फुलीसुद्धा सुटते असं जुने नेमबाज सांगतात. आमची अजून सुटलेली नाही. पण आम्ही अजून शंभर छर्रेही टाकलेले नाहीत, तेव्हा दुर्बिणीला प्रमाणपत्र देत नाही.

दुर्बिणीवरच्या दोन चकत्या फिरवून नेम सरकवतात. एका टिकटिकीला शंभर यार्डांवर पाव इंच, असा हिशेब छापलेला असतो. पंचवीस यार्डांवर तोच इंचाचा सोळावा भाग होतो, म्हणजे एक इंच सरकवायला सोळा टिकटिकी. आम्ही सोळा मोजल्या, छर्रा पाऊण इंच सरकला. उलट्या सोळा फिरवल्या तर जवळपास मूळ जागी आला. या किमतीत आम्ही याला वाईट म्हणणार नाही. आणखी एक. अशा दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. जवळच्या निशाणावर डोळा जरा इकडं-तिकडं झाला की फुली निशाणावरून हलते. गाल दर वेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवणं हाच त्यावर उपाय.

हे सगळं दिवसा झालं. रानडुक्कर येतं ते रात्री.

आम्ही अमावास्येच्या दोन दिवस आधी त्याच्या शेतात बसलो. दुर्बिणीतली फुली बटन दाबलं की हिरवी, परत दाबलं की लाल उजळते. पोराला वाटलं होतं की यानं अंधारात दिसेल. उजळते ती फुली. शेत काळंच राहतं, उलट त्या हिरव्या उजेडानं डोळ्याला सवय झालेला अंधारही जातो. ज्वारीत खसखस ऐकू आली, ताटं मोडल्याचा आवाज आला. आम्ही दुर्बिणीतून पाहिलं तर एक सुंदर हिरवी फुली आणि मागं काळोख. शेवटी डबा वाजवला.

समजा दिसलंही असतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बिनपरवाना छर्ऱ्याची बंदूक ४.५ मिलिमीटर बोअरची आणि फार तर २० जूल जोराची असते. बारा बोअरच्या काडतुसाचा जोर अडीच-तीन हजार जुलांच्या घरात जातो. वीस जुलांचा छर्रा डुकराच्या चरबीत रुततो. जनावर मरत नाही, चिडतं, आणि सकाळी त्याच कपाशीत वेचणीला गेलेल्या बायांच्या अंगावर येतं. दुर्बिणीनं नेम सुधारतो, छर्ऱ्याचा जोर वाढत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. मोर आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत. परवानगीशिवाय छर्रा मारणारा शेतकरी आरोपी होतो, पीक खाणारं जनावर नाही.

मग कायदा शेतकऱ्याला काय देतो? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर जनावर मारायची परवानगी देण्याचा अधिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच आहे, आणि २०१५ साली राज्य सरकारनं निर्णय काढून रोही-डुकरांबाबत ती वाट थोडी सोपी केली. कागदावर दोन्ही आहे. पण ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी नाही. तिच्यावर दुर्बीण बसवणं म्हणजे बैलगाडीला वेग मोजायचं घड्याळ लावणं. दुर्बीण शोभते ती पेचदार नळीच्या रायफलीवर, आणि तिचा परवाना कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला किती येतो हे तहसीलचे खेटे घातलेल्यांना विचारा. कायदा जी बंदूक देतो तिला दुर्बीण चालत नाही, आणि दुर्बीण ज्या बंदुकीवर बसली तिनं डुक्कर थांबत नाही. ही फट भरायला बाजार अडीच हजारांचं खोकं घेऊन उभा आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. जनावर सरकारचं असेल तर ते आवरणं हेही सरकारचं काम. परवानगी ज्वारी कणसात असताना मिळाली पाहिजे, कडबा रचून झाल्यावर नको. आणि बंदूक चालवायला सरकारनंच परवानाधारक, तयार माणसं गावात पाठवावीत. वीस जूल आणि हिरवी फुली घेऊन आमच्या पोरांनी अंधारात बसावं ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही.

ज्यांनी अशी दुर्बीण आधीच घेतली आहे त्यांना एकच ताकीद. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून शेत न्याहाळू नका. तुम्ही पाहता तिकडंच नळी असते, आणि तिकडं कोणाची तरी गाय किंवा कोणाचं तरी पोर असू शकतं. नुसतं पाहायचं असेल तर साधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला दुर्बिणी आणि रिंगा घेऊन या, बंदुका घरीच ठेवा. खाचेचं माप कागदावर लिहून आणा. दोन मापांच्या एलन-की आणि अडसराच्या चार खुंट्या आम्ही आणून ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या मागच्या टेबलावर बसू.