सळईचा रिपोर्ट झाला, आता जाळी दाखवा

साइटवर गेले की माझ्यापुढे आधी सळईचा रिपोर्ट येतो. ताण, वाक, मीटरमागे वजन, सगळं आयएस १७८६ प्रमाणे. आठ मिलिमीटरची सळई मीटरला ३९५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. काट्यावर ठेवली की लबाडी कळते. या चाचण्या हव्यातच. पण प्रयोगशाळेत जातो तो सळईचा तुकडा. स्लॅबमध्ये जाते ती जाळी, आणि माल ओतताना ती नेमकी कुठे बसली हे फारसं कुणी मोजत नाही.

बाल्कनी घ्या. भिंतीबाहेर झेपावलेल्या स्लॅबला ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळ्याही वरच लागतात. १२० मिलिमीटर जाडी, सळईवर २० चं काँक्रीटचं कव्हर, आठची सळई, म्हणजे सळईचा मध्य तळापासून ९६ मिलिमीटरवर. फिटर तसं बांधतोही. मग घमेली घेऊन माणसं येतात, पंपाचा पाइप ओढत जाळीवरूनच चालतात. खाली जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नसल्या की सळई ३० मिलिमीटर सहज दबते. ९६ चे ६६ झाले, तर बाल्कनीची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी गेली. स्टील तेवढंच, बिल तेवढंच, आणि काँक्रीटचा चाचणी क्यूब २८ दिवसांनी पास!

“मॅडम, ओतताना वर ओढून घेतो की,” हे ठरलेलं उत्तर. ओल्या काँक्रीटमध्ये आकड्याने ओढलेली सळई कुठे थांबली, हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही. खुर्च्या तर साइटवर उरलेल्या तुकड्यांतूनही होतात.

नंतर सळई किती खोल आहे ते दाखवणारा कव्हरमीटर फिरवता येतो. आयएस ४५६ मध्ये भारचाचणीही आहे: सव्वापट चल भार २४ तास ठेवायचा, तो काढल्यावर पुढच्या २४ तासांत किमान ७५ टक्के वाक परत जायला हवा. पण दबलेली सळई तेव्हा वर कोण काढणार? आधार द्या, नाहीतर पाडा.

आपल्याकडे जोते तपासणीची पद्धत आहे. तशीच बाल्कनी, सज्जा आणि पोर्चच्या जाळीची तपासणी स्लॅब भरण्याआधी सक्तीची करा. टेप लावलेला फोटो, आरसीसी डिझायनरची सही, आणि ओतणं संपेपर्यंत त्यांचा माणूस हजर. फ्लॅट घेणाऱ्यालाही तो फोटो मिळायला हवा. बिल्डर म्हणतील, सकाळ वाया जाते. तशीही ती पंपाची वाट बघण्यातच जाते.