अर्ध्यावर टाकलेला खेळ

पुणे-नाशिक महामार्गावर अवसरीच्या घाटानजीक पेठ हे गाव आहे. ‘मुलांना बाहेर खेळायला पाठवा’ हा आरोग्याचा साधासुधा सल्ला या गावात, किंबहुना सबंध आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात, दिवेलागणीनंतर कोणालाही सहज देता येत नाही. उसाच्या फडात बिबट्या असू शकतो, आणि शेतालगतच्या घरातील आई मूल अंगणात रेंगाळू लागले की त्याला हाक मारून आत घेते. मैदानी खेळाचा आग्रह आपण या सदरातून सोडणार नाहीच. परंतु सायंकाळचे दोन तास जर घरातच जाणार असतील, तर ते कसे जावेत याचा विचार करणेही कुटुंबाचेच काम आहे.

पडद्यावरचे सर्व खेळ एका मापाने मोजू नयेत. काही खेळ मुळी संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. रोज नवे बक्षीस, रोज नवे आमिष. काहींत पैसा पणाला लागतो. अशा ऑनलाइन खेळांना आपल्या संसदेने 2025 साली कायद्याने मनाई केली. आणि काही खेळ कादंबरीसारखे असतात: त्यांना आरंभ असतो, संघर्ष असतो व शेवट असतो. आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या प्रकाराविषयी.

असा एखादा खेळ तुम्ही मुलासाठी घेतला असेल. शेजारी बसून पाहिलाही असेल. पहिल्याच लढाईत तीनदा हार झाली, कोणते बटण कशाचे ते उमगेना, मूल चिडले, तुम्ही कंटाळलात आणि खेळ तसाच पडून राहिला. त्याला पुन्हा एकदा हात लावून पाहावा, एवढेच आजचे सांगणे.

उदाहरण जवळचेच घेऊ. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने घडवला. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळांत वाढलेली मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. खांबाला धरून ती गिरकी घेते तेव्हा आपल्याला मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. कथेचे काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपात उलगडतात.

या खेळाचा स्वतःचा प्रवासही दुसऱ्या संधीचाच आहे. 2017 साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला. चमूने काम सोडले नाही. 2020 साली खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठीच्या पुरस्काराकरिता त्याला नामांकन मिळाले. तरीही लढाया काहीशा अवघडलेल्या वाटतात आणि कथा ऐन रंगात असताना तुटते, अशा तक्रारी झाल्याच. 2022 साली सुधारित आवृत्ती आली, लढाईत बदल झाले आणि पात्रे हिंदीतूनही बोलू लागली. शेवट आजही काहींना अपुरा वाटेल. पण पूर्वी इंग्रजी संवादांमुळे उठून गेलेली आजी आता शेजारी बसून कथा ऐकू शकते, हे काही थोडके नव्हे.

दुसऱ्या वेळी खेळ बरा का वाटतो? एक तर हातांनी शिकलेली हालचाल विश्रांतीनंतर आणि झोपेनंतर अधिक पक्की होते. काल न जमलेली उडी आज जमते ती म्हणूनच. दुसरे, पहिल्या वेळी आपण दमलेले आणि अपेक्षांनी भारलेले असतो. थकलेल्या डोक्याने दिलेला निकाल खेळावर लादू नये. मुलाच्या अभ्यासावरही लादू नये.

मात्र संधी देणे म्हणजे लगाम सोडणे नव्हे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकून जगण्यात मोठा अडथळा आणू लागली, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला खेळविकार म्हणते. 2022 पासून लागू झालेल्या तिच्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आहे. अशी चिन्हे दिसत असतील तर दुसरी संधी नको. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तसे नसेल तर या पंधरवड्यात एवढे करून पाहा. खोक्यावरील वयोगटाची सूचना वाचा; लढायांचा खेळ अगदी लहानग्यांसमोर लावू नका. जेवणाआधीची पाऊण तासाची वेळ ठरवा आणि झोपेपूर्वीचा तास मोकळा ठेवा. अवघडपणाची पातळी बदलता येत असेल तर सोप्यापासून आरंभ करा. त्यात कमीपणा नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर नजर टाका; खिडकीतून दिसणारा डोंगर त्यासाठी उत्तम. आणि मुख्य म्हणजे, शेजारी बसा. खेळ थांबला की मुलाला विचारा, ‘आता राजीने काय करावे असे तुला वाटते?’

त्या उत्तरात खेळापेक्षा मूलच अधिक कळेल. कदाचित खेळ याही वेळी आवडणार नाही. मग तो खुशाल बंद करावा. पण तो निर्णय त्या दिवशी तुम्हा दोघांचा असेल. ‘काढून घेतला’ आणि ‘ठेवून दिला’ यांतले अंतर मुलांना फार नेमके कळते.