रॅम मागितली आणि कर्नलच अडकला! 'जीएफपी नोएफएस' का नकोसा झालाय?

फोटो सेव्ह होताना फोन दोन-चार सेकंद अडकला की आपण म्हणतो, "रॅम कमी पडली असेल." पण अशा वेळी फोन नुसता स्लो न होता कायमचा हँग होऊ नये म्हणून लिनक्स कर्नलमध्ये एक जुनी सोय आहे. गंमत म्हणजे कर्नल डेव्हलपर तीच सोय आता काढायला निघालेत. अँड्रॉइड याच कर्नलवर चालतं, म्हणजे मामला आपल्या खिशातलाच.

आधी गोची काय होते ते बघू. फोटो लिहिण्यासाठी फाइलसिस्टम, म्हणजे एक्स्टफोर किंवा एफटूएफएस, एक लॉक घेते. मध्येच तिला थोडी मेमरी लागते. रॅम भरलेली असते, म्हणून कर्नल साफसफाई सुरू करतो: फाइल्सची कॅश टाकून दे, न लिहिलेला डेटा स्टोरेजवर लिही. पण हे काम कोण करणार? तीच फाइलसिस्टम! आणि त्यासाठी तिला हवं असतं तेच लॉक, जे तिनेच धरून ठेवलंय. झालं, ती स्वतःचीच वाट बघत बसते. यालाच डेडलॉक म्हणतात.

यावर उपाय म्हणून मेमरी मागताना 'जीएफपी नोएफएस' हा फ्लॅग द्यायचा. अर्थ एवढाच: साफसफाई कर, पण फाइलसिस्टमच्या वाटेला जाऊ नकोस.

मग अडचण कुठे आली? लोक हा फ्लॅग 'असू दे' म्हणून कुठेही लावत गेले. मीसुद्धा त्यातलाच. माझ्या एका पॅचवर रिव्ह्यूअरने विचारलं, "इथे नक्की कुठल्या लॉकची भीती आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हा फ्लॅग फुकट मिळत नाही. रॅमचा मोठा भाग फाइल्सच्या कॅशने भरलेला असेल तर कर्नलला तिथे नीट हात घालता येत नाही. मेमरी अगदीच संपली की एखादं अ‍ॅप मारून जागा करणारा ओओएम किलरसुद्धा अशा मागणीसाठी धावून येत नाही. शिवाय तुम्ही बोलावलेलं फंक्शन आत आणखी कुणाकडे मेमरी मागत असेल, तर तुमचा फ्लॅग तिथपर्यंत पोहोचेलच असं नाही. व्हीमॅलॉकचं हे दुखणं बरीच वर्षं होतं.

2017 मध्ये कर्नल 4.12 सोबत चांगला पर्याय आला: 'मेमॅलॉक नोएफएस सेव्ह' आणि 'रिस्टोअर'. प्रत्येक मागणीला चिठ्ठी चिकटवण्याऐवजी चालू टास्कवरच खूण करायची. लॉक घेताना सेव्ह, सोडताना रिस्टोअर. मधल्या काळात आतून कितीही खोल मेमरी मागितली तरी नियम आपोआप लागू. आणि खूण लॉकच्या शेजारीच असल्यामुळे ती का केली हे कोड वाचणाऱ्याला लगेच कळतं. माझ्या मते खरा फायदा हाच.

2024 मध्ये मॅथ्यू विल्कॉक्स यांनी जुना फ्लॅग पूर्णच काढायचा विषय मांडला. एक्सएफएसने त्याच वर्षी आपल्या कोडमधली बरीच सफाई केली. बाकीच्या फाइलसिस्टम्स मात्र हळूहळू चालल्यात, आणि मला ते समजतं. फाइंड-रिप्लेसने हे काम होत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी हा फ्लॅग कुठल्या भीतीने लावला, ते कोडमध्ये बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. लॉकडेप हे टूल चुकीचा क्रम पकडतं, पण कोडचा तो रस्ता टेस्टिंगमध्ये एकदा तरी चालला असेल तरच. न चाललेला रस्ता मग एखाद्याच्या कमी रॅमच्या फोनवर पहिल्यांदा चालतो.