सान मारिनोला जमतं, मग वेल्ह्याला का नाही?

दरवर्षी मे महिन्यात युरोव्हिजनचे रील्स फिरायला लागले की आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "ऑस्ट्रेलिया २०१५ पासून युरोपच्या स्पर्धेत गातोय, मग भारत का नको?" प्रश्न रास्त आहे. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचाय. भारत गेलाच, तर गाणार कोण आणि कुठल्या भाषेत?

स्पर्धेचा हिशोब बघा. एका देशाचं एकच गाणं. वेळ जास्तीत जास्त तीन मिनिटं, स्टेजवर सहा माणसं. ३५ हजारांच्याही आत लोकसंख्या असलेला सान मारिनो या स्पर्धेत उतरतो. आमच्या वेल्हे तालुक्यात, ज्याचं नाव आता राजगड झालंय, त्याहून जास्त माणसं राहतात. आणि २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या मराठीला इथे वेगळी खुर्चीच नाही. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा त्या तीन मिनिटांत बसवायच्या. मग काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मुंबईतला स्टुडिओ, हिंदी मुखडा, मध्येच इंग्रजी ओळ आणि 'मातीचा वास' हवा म्हणून दहा सेकंद ढोल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "हिंदी जास्त लोकांना कळते." कुणाला? लिस्बनमध्ये बसून मत देणाऱ्याला हिंदी आणि मराठी सारख्याच परक्या. २००७ मध्ये सर्बियन गाणं जिंकलं, २०१७ मध्ये पोर्तुगीज. पोर्तुगालच्या त्या गायकाने तर भपका टाळून शांतपणे गाऊन ट्रॉफी नेली. २०२२ मध्ये युक्रेन जिंकला. युद्धामुळे सहानुभूती होतीच, पण गाणं होतं आईवरचं, आपल्या भाषेतलं, लोकबासरीची धून असलेलं.

आईवरची गाणी आमच्याकडे कमी आहेत का? हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून, सहकाऱ्यांसोबत राज्यभरातून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना बाया त्यात आई, भाऊ, सासरचा जाच, राम-सीता, बाबासाहेब, सगळं गायच्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि गाणंही. आज त्या ओव्या 'परी'च्या वेबसाइटवर गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट ऐकता येतात. आणि आम्ही? भोरमधल्या माझ्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'लोकगीत' म्हणजे भाड्याची नऊवारी आणि पेनड्राइव्हवरचं सिनेमातलं गाणं. ज्यांच्या घरात ओवी होती, त्यांनाच ती स्टेजवर नेण्यासारखी वाटली नाही. का, तर ती 'गावठी'.

म्हणून माझा विरोध स्पर्धेला नाही, वरून ठरवून पाठवलेल्या गाण्याला आहे. स्वीडनमध्ये युरोव्हिजनसाठी गाणं निवडणारी स्पर्धा २००२ पासून वेगवेगळ्या शहरांत फिरते. सगळं स्टॉकहोममध्ये उरकत नाहीत. उद्या दूरदर्शनने भारताचं गाणं पाठवायचं ठरवलं, तर आपली मागणी एवढीच असावी: प्रत्येक भाषेची फेरी वेगळी घ्या आणि ती जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत आणा. भोरला या, वेल्ह्याला या. गाणारीचं नाव लावा आणि मानधनही द्या. नाहीतर तिची चाल स्टुडिओवाला नेणार आणि श्रेयाच्या जागी लिहिणार 'पारंपरिक'.

तोवर हातातला फोन आहेच. घरात साठीच्या पुढची बाई असेल, तर तिला विचारा, "आजी, दळताना काय म्हणायचात?" परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, नाव-गाव नोंदवून ठेवा. देशाचं गाणं निवडायची वेळ येईल तेव्हा येईल. ती आली आणि आपल्याकडे ऐकवायला काहीच नसलं, तर दिल्ली-मुंबईला दोष द्यायला आपल्याला तोंड राहणार नाही.