स्वकीय कोण?

आपल्या माणसांचा पक्ष घ्यावा, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु आपल्या माणसांचा पक्षच अन्यायाचा असेल तर काय करावें? अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या आरंभीं दोन सेनाधिकाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा राहिला.

कर्नल रॉबर्ट ली हे व्हर्जिनिया प्रांताचे. सुमारें ३२ वर्षें त्यांनीं राष्ट्राच्या सैन्यांत सेवा केली होती. १८ एप्रिल १८६१ रोजीं अध्यक्ष लिंकन ह्यांच्या वतीनें त्यांस मोठ्या सैन्याचें आधिपत्य देऊं करण्यांत आलें. तें त्यांनीं नाकारिलें, २० तारखेस राजीनामा दिला, आणि २३ तारखेस फुटून निघालेल्या व्हर्जिनियाच्या सैन्याचें प्रमुखपद स्वीकारिलें. फुटून निघणें त्यांस स्वतःस पसंत नव्हतें. परंतु स्वकीयांवर शस्त्र उचलणें आपल्या हातून होणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्या उत्तरांत ढोंग नाहीं, म्हणूनच तें मनास भुरळ घालतें.

त्यांच्याच पलटणींतील मेजर जॉर्ज थॉमस हेही व्हर्जिनियाचेच. त्यांनीं मात्र राष्ट्राची बाजू सोडिली नाहीं. सख्ख्या बहिणींनीं त्यांच्याशीं संबंध तोडिले. १८६३ सालीं चिकामॉगाच्या रणांत त्यांनींच टिकाव धरून राष्ट्राचें सैन्य वाचविलें. जन्मभूमि एकच, निर्णय मात्र दोन.

राज्यकर्त्यांविरुद्ध उठणें सदैव निंद्य असें आम्ही म्हणत नाहीं. वॉशिंग्टन ह्यांनींही इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलिलेंच होतें. आमच्या मतें ली ह्यांची चूक ही कीं, 'स्वकीय' ह्या शब्दाची मर्यादा त्यांनीं फार आंखूड केली. १८६० च्या खानेसुमारीप्रमाणें व्हर्जिनियांत सुमारें ४ लक्ष ९० हजार गुलाम होते. ते व्हर्जिनियाचे नव्हते काय? गुलामगिरी टिकविण्यासाठींच दक्षिणेकडील प्रांत फुटले होते. ली ह्यांचें शौर्य, त्यांचा संयम, त्यांचें युद्धकौशल्य हें सर्व त्या कार्यीं खर्च झालें, आणि तें युद्ध लांबलें. ९ एप्रिल १८६५ रोजीं त्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें. त्या युद्धांत ६ लक्षांहून अधिक सैनिक मृत्युमुखीं पडले.

विद्यार्थिमित्रहो, सेनापति होण्याचा प्रसंग आपणांपैकीं थोड्यांवरच येईल. परंतु "हे आपले, ह्यांच्या बाजूस उभा राहा" ही हांक वर्गांत, गांवांत, जातींत प्रत्येकास ऐकूं येते. त्या वेळीं आपण विचारावें : ज्यांच्याविरुद्ध आपणांस उभें केलें जात आहे, तेही आपलेच नव्हत काय? आणि मुलानें हा प्रश्न घरीं विचारिला, तर पालकांनीं त्यास उद्धटपणा समजूं नये.