सुस्वर साक्ष आणि खरी साक्ष

पक्षिगायनाच्या ध्वनिमुद्रणास श्रेणी देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २००५ साली सुरू झालेल्या 'झेनो-कँटो' या जागतिक संग्रहात पाच श्रेण्या आहेत: आवाज मोठा व स्पष्ट असेल तर 'ए', जेमतेम ऐकू येत असेल तर 'ई'. शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ही व्यवस्था उपयुक्त आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप आहे तो श्रेणीलाच मोल समजणाऱ्या वृत्तीवर.

न्यायालयात साक्षीदाराचा आवाज मंजुळ आहे म्हणून त्याची साक्ष ग्राह्य ठरत नाही. तो कोठे उभा होता, त्याने प्रत्यक्ष काय ऐकले आणि त्याच्या जबानीत मागाहून कोणी हात घातला काय, हे आधी विचारले जाते. ध्वनिमुद्रणासही हेच प्रश्न विचारावयास हवेत.

पण घडते ते उलटेच. मुद्रण 'स्वच्छ' व्हावे म्हणून खालच्या पट्टीतील ध्वनी सरसकट गाळले जातात. त्यात मोटारींची घरघर जाते हे खरे. परंतु भारद्वाजाचा खोल घुमणारा हुंकारही तिच्याबरोबर क्षीण होतो. खोलगट तबकडी लावलेल्या मायक्रोफोनने दूरचा पक्षी जवळ भासतो. मात्र ती तबकडी उंच स्वर अधिक उचलते, खालचे कमी, आणि मूळ आवाजाचा तोल ढळतो. सह्याद्रीतील कस्तूर ओढ्याकाठी शीळ घालतो. त्याच्या मुद्रणातील पाण्याचा खळखळाट हा दोष मानावयाचा काय? देवराईतील मुद्रणात दुरून देवळाची घंटा ऐकू आली तर ती स्थळाची खूण होय. तिला गुपचूप कात्री लावणारा पुराव्याशी खेळतो.

पक्षिस्वराचे ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण १८८९ साली लुडविग कोख याने बालवयात जर्मनीत केले. मेणाच्या नळीवर उमटलेला तो स्वर आपल्या रानांतही गाणाऱ्या शामाचा होता, पिंजऱ्यातील का होईना. खरखरीने भरलेल्या त्या मुद्रणास आजचा परीक्षक कोणती श्रेणी देईल? आणि जे पक्षी कायमचे गेले, त्यांचे काय? हवाई बेटांतील 'काउआई ओओ' १९८७ नंतर कोणास ऐकू आला नाही. त्याचा स्वर आता केवळ मुद्रणांतच उरला आहे. तेथे अस्पष्ट फीत फेकून देणे म्हणजे अखेरचा साक्षीदार हाकलून देणे होय.

म्हणून आमचे म्हणणे असे की, स्पष्टतेची श्रेणी खुशाल द्यावी. परंतु तिच्या शेजारी तारीख, वेळ, स्थळ, यंत्र, काय गाळले आणि पक्ष्यास मुद्रित स्वर ऐकवून गाण्यास उद्युक्त केले काय, याची नोंद असलीच पाहिजे. मूळ मुद्रण जसेच्या तसे जपावे. सफाई करावयाची ती नकलेवर करावी. एवढे कष्ट ज्यास नकोत, त्याने करमणुकीसाठी अवश्य ऐकावे. निवाडा मात्र देऊ नये.