वामनदादा कवी नव्हेत काय?

मिसिसिपीचा ब्लूज-गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वयाच्या २७व्या वर्षी वारला. मागे उरली ती ध्वनिमुद्रित झालेली २९ गाणी. गिटार आणि गळा एवढेच त्याचे साहित्य. तरी कृष्णवर्णीयांच्या वेदनेचा काव्यमय उद्गार म्हणून आम्ही वर्गात ब्लूजचा गौरव करतो.

मग वामनदादा कर्डकांपाशी येताच आमची जीभ का अडखळते? सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा २००४ मध्ये निवर्तले. आयुष्यभर ते गावोगाव गात हिंडले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वस्त्यांत १४ एप्रिलला त्यांची गाणी गाणारी मुलेच पुढे आमच्या वर्गात बसतात, आणि आम्ही त्यांना ‘कविता म्हणजे काय’ हे शिकवतो!

‘प्रचारगीत’ हा शिक्का सोयीचा आहे. पण गीत प्रचार करते म्हणून त्यातील प्रतिमा, यमक, लय तपासायचीच नाही, हा कुठला समीक्षाधर्म? तुकोबांचे अभंगही गाइलेच गेले; त्यांतही उपदेश आहेच. दूरदेशीची वेदना आम्हाला काव्य वाटते, दाराशी आलेली मात्र गोंगाट.

वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह वर्गात उघडून त्यावर तासभर बोलण्याची आमची तयारी नसेल, तर ब्लूजवर बोलण्याचा अधिकारही आम्हाला नाही.